निवड समित्यांवरच्या मराठी प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकी विद्यापीठांत शिकवणारे आणि तिथल्या ऑनर सोसायट्यांच्या निवड समित्यांवर काम करणारे मराठी प्राध्यापक

विषय: ट्रान्स्फर आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांच्या पात्रतेबाबत

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी एका सरकारी विद्यापीठात अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजमधून, ट्रान्स्फर होऊन आलेले, नोकरी सांभाळून शिकणारे किंवा लग्नानंतर, मुलं झाल्यावर पुन्हा वर्गात बसलेले असतात. दर वसंत सत्रात ऑनर सोसायट्यांची, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांना सदस्यत्व देणाऱ्या संस्थांची, निमंत्रणं निघतात, तेव्हा यातले फार थोडे त्या यादीत दिसतात. अभ्यासात कमी पडले म्हणून असं झालं असतं, तर हे पत्र लिहिलं नसतं. त्यांची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, कोणी वाचलेलीच नसते. समितीची बैठक होण्याआधीच त्यांची नावं गळलेली असतात, आणि ती कुठे गळली हे समितीतल्या अनेकांनाही ठाऊक नसतं. तुम्ही त्या समितीत बसता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मराठीत लिहिण्याला कारण आहे. पत्रातली एक विनंती फक्त मराठी वाचता-लिहिता येणारा प्राध्यापकच पुरी करू शकतो. ती पुढे येईलच.

तुम्हाला हे माहीत आहे, पण हे पत्र विद्यार्थी आणि पालकही वाचतील, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. फाय बीटा कॅपा ही यातली सर्वांत जुनी सोसायटी. ती ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. ती फक्त कला आणि विज्ञान शाखांसाठी आहे, आणि साधारणपणे त्या शाखांतून पदवी घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांपर्यंतच विद्यार्थी तिथे निवडले जातात. इंजिनिअरिंगसाठी टाऊ बीटा पाय आहे. ती १८८५ मध्ये लीहाय विद्यापीठात स्थापन झाली. तिथे तिसऱ्या वर्षाला वर्गातला वरचा एक-अष्टमांश आणि चौथ्या वर्षाला वरचा एक-पंचमांश विचारात घेतला जातो. सर्व शाखांना खुली असलेली फाय कॅपा फाय १८९७ मध्ये मेन राज्याच्या विद्यापीठात सुरू झाली. तिची मर्यादा तिसऱ्या वर्षाला साडेसात टक्के, तर शेवटच्या वर्षाला आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दहा टक्के आहे. कम्युनिटी कॉलेजांची फाय थीटा कॅपा १९१८ पासून आहे. आपल्या घरांमध्ये एक गैरसमज कायम दिसतो. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ४.० जीपीए, म्हणजे पैकीच्या पैकी गुणसरासरी, मिळवतो, त्याला फाय बीटा कॅपाचं बोलावणं येत नाही, आणि आईवडिलांना वाटतं की भारतीय म्हणून डावललं. तसं नसतं. ती सोसायटी त्याच्या शाखेची नाही, इतकंच.

हे सदस्यत्व म्हणजे नुसता पदवीदानाच्या गाउनवर रुळणारा गोंडा नव्हे. अमेरिकी केंद्र सरकारच्या अनेक नोकऱ्यांत ताज्या पदवीधराला जीएस-५ या श्रेणीवर घेतात. अभ्यासातली विशेष गुणवत्ता दाखवता आली तर त्याहून वरच्या जीएस-७ वर घेता येतं. ती दाखवण्याचे तीन मार्ग आहेत: वर्गातला वरचा क्रमांक, ठराविक जीपीए किंवा मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सदस्यत्व. फाय कॅपा फाय आपल्या सदस्यांना पुढच्या शिक्षणासाठी फेलोशिप देते. फाय थीटा कॅपाच्या सदस्यांसाठी कितीतरी विद्यापीठांनी ट्रान्स्फर शिष्यवृत्त्या राखून ठेवल्या आहेत. घरात पहिल्यांदाच कोणी अमेरिकेत पदवी घेत असेल, ओळखीपाळखी नसतील, शिफारस करणारं कोणी नसेल, तर बायोडेटातली ही एक ओळ फार उपयोगी पडते. ज्यांना या ओळीची सर्वांत जास्त गरज आहे, तेच यादीबाहेर राहतात.

आता ते बाहेर कसे राहतात ते बघू.

बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत ट्रान्स्फर विद्यार्थ्याचे क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांची एककं, येतात, ग्रेड येत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात साठ क्रेडिट ए ग्रेडने केले असले, तरी नव्या विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर त्या विषयांपुढे नुसतं 'टी' किंवा तत्सम अक्षर लागतं आणि जीपीए पहिल्यापासून मोजायला सुरुवात होते. भारतातल्या गुणपत्रिकेचंही तेच. मूल्यमापन होऊन क्रेडिट मिळाले तरी ग्रेड हिशेबात धरली जात नाही. प्रशासनाच्या दृष्टीने हा नियम समजण्यासारखा आहे, आणि माझी तक्रार त्या नियमाबद्दल नाही. तक्रार ही आहे की याच अर्धवट जीपीएवर ऑनर सोसायटीची रेष ओढली जाते.

समजा, दोन विद्यार्थ्यांचे नव्वद-नव्वद क्रेडिट झाले आहेत. पहिली मुलगी सुरुवातीपासून याच विद्यापीठात आहे. तिचं एक सेमिस्टर बिघडलं. त्या पंधरा क्रेडिटमध्ये तिला सरासरी ३.२ मिळाले, आणि उरलेल्या पंचाहत्तर क्रेडिटमध्ये सगळीकडे ए (४.०) आहे. तिचा जीपीए येतो ३.८७. दुसरी मुलगी कम्युनिटी कॉलेजातून साठ क्रेडिट ए ग्रेडने करून आली. इथलं पहिलं सेमिस्टर तिला जड गेलं. तिलाही पंधरा क्रेडिटमध्ये तेच ३.२ मिळाले. पुढच्या पंधरा क्रेडिटमध्ये पुन्हा सगळीकडे ए. दोघींनी शिकताना केलेलं काम क्रेडिटला क्रेडिट, ग्रेडला ग्रेड सारखंच आहे. पण दुसरीचा विद्यापीठातला जीपीए फक्त तीस क्रेडिटवर मोजला जातो, आणि तो ३.६० येतो. चॅप्टरची, म्हणजे सोसायटीच्या त्या विद्यापीठातल्या शाखेची, रेष त्या वर्षी ३.८० वर असेल तर पहिली आत आणि दुसरी बाहेर. सगळे नव्वद क्रेडिट धरले असते तर दुसरीचाही जीपीए नेमका ३.८७ च आला असता. वाटल्यास कागद घेऊन मोजून बघा.

ते पहिलं सेमिस्टर जड जाणं हा काही तिचा दोष नाही. जागा नवी, वर्ग मोठे, प्राध्यापकांच्या अपेक्षा वेगळ्या, घरापासून कॅम्पसपर्यंतचं अंतर वाढलेलं. शिक्षणशास्त्रात याला 'ट्रान्स्फर शॉक' म्हणतात. हे नाव १९६५ पासून वापरात आहे. पहिल्या सत्रात ग्रेड उतरतात आणि पुढे बहुतेकांच्या पुन्हा सावरतात, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. चार वर्षं इथेच असलेल्या विद्यार्थ्यालाही असा धक्का बसतो, पण तो पहिल्या वर्षाला बसतो आणि नंतरच्या नव्वद क्रेडिटखाली दबून जातो. ट्रान्स्फर विद्यार्थ्याचा धक्का नेमका मोजणीच्या सुरुवातीलाच येतो, आणि तो दबायला पुढे क्रेडिटच उरलेले नसतात.

रजिस्ट्रार ऑफिसकडून चॅप्टरला येणारी यादी तुम्ही पाहिली असेल. स्प्रेडशीट असते. विद्यार्थ्याचा क्रमांक, नाव, मेजर (मुख्य विषय), विद्यापीठात केलेले क्रेडिट, विद्यापीठातला जीपीए, पूर्णवेळ आहे की नाही, पदवीचं अपेक्षित सत्र. ही यादी काढताना कोणीतरी गाळण्या लावलेल्या असतात: इतक्याहून कमी क्रेडिट असतील तर वगळा, इतक्याहून कमी जीपीए असेल तर वगळा, पूर्णवेळ नसेल तर वगळा. समितीच्या हातात उरलेली नावं येतात. तिथे मग तासभर बारकाईने चर्चा होते. या विद्यार्थ्याने गणित घेतलं का, त्या विद्यार्थिनीच्या विषयांत वैविध्य आहे का, हिच्या संशोधनाबद्दल कोणाला काही माहीत आहे का. ही चर्चा मी कौतुकाने ऐकली आहे. पण ज्यांची नावं त्या स्प्रेडशीटमध्ये आलीच नाहीत, त्यांच्याबद्दल तिथे एक शब्दही निघत नाही, कारण काढणार कोण? ती गाळणी कोणी, कधी, कशाच्या आधारे लावली हे विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: गेल्या वर्षीचीच वापरली.

राष्ट्रीय पातळीवरच्या नियमांनाही काही मर्यादा आहेत, हे मान्य. फाय बीटा कॅपाच्या अटींत पदवी देणाऱ्या संस्थेत किमान तीन पूर्ण सेमिस्टर झालेली असणं आणि चौथ्या सेमिस्टरला पूर्ण नोंदणी असणं अपेक्षित आहे. दोन वर्षांसाठी आलेला ट्रान्स्फर विद्यार्थी या अटीत कसाबसा बसतो, तोही अगदी शेवटच्या सेमिस्टरला. जो हुशारीने आणि काटकसरीने तीनच सेमिस्टरमध्ये पदवी आटोपतो, तो बसतच नाही. पण समकक्ष कामाचा प्रश्न उरतोच. अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याची सहा सेमिस्टर मिळून तीन पूर्ण सेमिस्टरएवढं काम होत असेल, तर ते समकक्ष धरायचं की नाही हे चॅप्टरने ठरवायला हवं. अनेक चॅप्टर ते ठरवतच नाहीत, आणि प्रश्न गाळणीवर सोडून देतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी तिचं बीएचं दुसरं वर्ष झालं, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसापाठोपाठ एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर ती इथे आली. या व्हिसावर वेगळा परवाना असल्याशिवाय काम करता येत नाही, शिकता येतं. मुलगी बालवाडीत जायला लागली तशी हिने कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय घ्यायला सुरुवात केली. तिथे फाय थीटा कॅपाचं निमंत्रण आलं. तिने ते प्रमाणपत्र फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलं, कारण तिचा अभ्यास तिथल्याच टेबलावर व्हायचा. मग आमच्याकडे मानसशास्त्रासाठी आली. पहिल्या सत्रात संख्याशास्त्रात बी मिळाला, आणखी एका विषयात बी प्लस. त्यानंतर एकाही विषयात ए खाली उतरली नाही. एका सेमिस्टरला मुलीचं आजारपण आणि फीची ओढाताण यामुळे दोनच विषय घेतले. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी मला सांगितलं होतं की इतकी विचारपूर्वक तयार केलेली प्रश्नावली पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडूनही क्वचित येते.

निमंत्रणं निघाली तेव्हा तिच्या प्रयोगशाळेतल्या दोघींना मिळाली. ती माझ्याकडे आली ती तक्रार करायला नव्हे. "ताई, माझं काय कमी पडलं ते सांगा, म्हणजे पुढे सुधारेन," एवढंच तिने विचारलं. मी यादीच्या अटी मागवून घेतल्या आणि तिच्या ट्रान्स्क्रिप्टशेजारी ठेवल्या. ती दोन गाळण्यांत अडकली होती. एक जीपीएची, जिच्यात ते पहिले बी एकूण थोड्याच क्रेडिटमध्ये धरले गेले होते. दुसरी पूर्णवेळ नोंदणीची, कारण आजारपणाच्या सत्रात तिचे सहाच क्रेडिट होते. अभ्यासात तिचं काही कमी पडलं नव्हतं. तिला सुधारायला मी काय सांगणार होते?

ही एकटीची गोष्ट नाही, म्हणूनच लिहिते आहे. एच-४ वर आलेल्या आपल्या किती तरी मुली याच वाटेने पदवीपर्यंत पोचतात. सैन्यातून सुटून आलेले, रात्रपाळी करणारे, आईवडिलांचं दुकान सांभाळणारे सगळ्या समाजांतले विद्यार्थी याच वाटेने येतात. त्यांचं शिक्षण तुकड्यातुकड्याने होतं, आणि आपली मोजपट्टी सलग शिकणाऱ्यालाच मोजते. आपल्याकडेही अनेक विद्यापीठांत सुवर्णपदकाला 'पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण' ही अट असते. ती वाचतच आपण मोठे झालो. त्यामुळे सलगपणा आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यालाही चटकन लक्षात येत नाही असं मला वाटतं.

आणखी एक हिशेब समितीपुढे ठेवा. दहा टक्क्यांची मर्यादा कोणाच्या दहा टक्के? पदवी घेणाऱ्या सगळ्यांच्या. समजा, कला आणि विज्ञान शाखांतून हजार जण पदवी घेत आहेत आणि त्यांतले तीनशे ट्रान्स्फर होऊन आलेले आहेत. जागा झाल्या शंभर. गाळणीत ते तीनशे जवळजवळ सगळेच अडकले, तर शंभर जागा उरलेल्या सातशेंत वाटल्या जातात, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त. जागा मोजताना ट्रान्स्फर विद्यार्थी धरायचे आणि निवडताना वगळायचे, असा हा प्रकार आहे. तो कोणी ठरवून केलेला नाही, याची मला खात्री आहे. पण तो होतो, आणि मुद्दाम कोणी बघितल्याशिवाय दिसत नाही.

यावर एक आक्षेप मला अनेकदा ऐकायला मिळतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतलेला असतो: कम्युनिटी कॉलेजातला ए आणि इथला ए सारखा कसा धरायचा? माझं म्हणणं, सरसकट धरू नका. ट्रान्स्क्रिप्ट वाचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय सगळ्यांनी याच विद्यापीठात, याच प्राध्यापकांकडे केलेले असतात. ज्यांचे क्रेडिट कमी आहेत त्यांच्यासाठी फक्त त्या वरच्या पातळीच्या विषयांतला जीपीए बाजूला काढून बघा. रजिस्ट्रार ऑफिसला एक वेगळा स्तंभ जोडायला सांगितलं की तो मिळतो. मग तुमच्या आक्षेपाला जागाच राहत नाही, कारण तुलना एकाच वर्गात बसलेल्या दोघांची होते. जॅक केंट कुक फाउंडेशनने २०१९ मध्ये निवडक विद्यापीठांत गेलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या विद्यार्थ्यांचं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीचं, किंबहुना किंचित जास्त निघालं. मग कमीपणा त्यांच्या तयारीत शोधायचं कारण काय?

दर्जा खाली आणा असं मी म्हणत नाही. उलट दहा टक्के दहाच राहू देत, वाटल्यास आठ करा. फक्त त्या दहांत कोण बसतं हे ठरवण्याआधी सगळ्यांची कागदपत्रं एकदा टेबलावर येऊ देत.

पात्रतेच्या रेषा कायमच्या नसतात, हे या सोसायट्यांच्या इतिहासातच दिसतं. फाय बीटा कॅपा स्थापनेनंतर जवळजवळ शंभर वर्षं फक्त पुरुषांची होती. १८७५ मध्ये व्हरमॉन्ट विद्यापीठाच्या चॅप्टरने दोन स्त्रियांना निवडलं, आणि दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, त्याच चॅप्टरने जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला निवडलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या फिस्क आणि हॉवर्ड या विद्यापीठांना चॅप्टर मिळायला मात्र १९५३ उजाडावं लागलं. टाऊ बीटा पायमध्ये तर १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांना सदस्यत्व नव्हतं. गुणांच्या अटीत बसणाऱ्या मुलींना 'विमेन्स बॅज' नावाचा वेगळा बिल्ला दिला जायचा. त्या मुलींचे गुण पुरुषांइतकेच किंवा जास्त होते. व्हरमॉन्टच्या उदाहरणात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बाकीचे चॅप्टर काय करतात याची वाट त्यांनी पाहिली नाही. एका चॅप्टरच्या बैठकीत काही प्राध्यापकांनी ठरवलं आणि ते झालं. आज मी जे मागते आहे त्याचाही बहुतेक भाग एखाद्या चॅप्टरच्या उपविधीत, किंवा नुसत्या बैठकीच्या इतिवृत्तात, बदलून होण्यासारखा आहे.

आता ती खास तुमच्यासाठीची विनंती.

फाय बीटा कॅपाला उमेदवाराकडून मातृभाषेखेरीज दुसऱ्या भाषेचं मध्यम पातळीचं ज्ञान अपेक्षित असतं. अट उत्तम आहे. पण ती पुरी झाली हे चॅप्टर कशावरून ठरवतं? बहुतेक ठिकाणी ट्रान्स्क्रिप्टवर स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, चिनी असा विषय आहे का, एवढंच बघितलं जातं. इथे जन्मलेली, घरात इंग्रजीत वाढलेली, पण मराठी शाळेत दर रविवारी जाऊन नीट वाचायला-लिहायला शिकलेली मुलगी या अटीत बसते का? माझ्या मते बसायला हवी. पण तिची परीक्षा घेणार कोण? शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठीचे वर्ग चालत आले आहेत. अशी विद्यापीठं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या शेकडो कॅम्पसवर भाषा विभागात मराठी तपासू शकणारं कोणीच नाही. मग ती मुलगी एक तर सूट मागायचा नाद सोडते, किंवा शेवटच्या वर्षाला फक्त या अटीसाठी नव्याने स्पॅनिश घेऊन बसते.

आणि उलट बाजूनेही बघा. मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेली, नंतर इंग्रजीत पदवी करणारी माझ्यासमोरची ती विद्यार्थिनी तर सगळी पदवीच परक्या भाषेत करते आहे. तिच्या बाबतीत इंग्रजी हीच दुसरी भाषा धरली पाहिजे. काही चॅप्टर तसं धरतात. काही ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

तुम्ही रसायनशास्त्र शिकवत असाल, अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी. तरीही तुम्ही एक मराठी उतारा निवडू शकता, विद्यार्थ्याला तो वाचायला सांगून त्यावर पानभर लिहून घेऊ शकता, अर्धा तास बोलू शकता, आणि भाषा विभागाच्या प्रमुखांना 'मध्यम पातळी आहे' किंवा 'नाही' असं सहीनिशी कळवू शकता. एका प्राध्यापकाची सही पुरेशी नसेल, तर शेजारच्या विद्यापीठातल्या दुसऱ्या मराठी प्राध्यापकाला व्हिडिओवर सोबत घ्या. मात्र 'नाही' लिहायची वेळ आली तर 'नाही'च लिहा. आपल्या माणसाला पास करून घेण्यासाठी हे काम करायचं नाही. घरात चार वाक्यं बोलता येणं म्हणजे मध्यम पातळी नव्हे, हे तुम्हीच सगळ्यांत चांगलं जाणता. मल्याळी, नेपाळी, सोमाली विद्यार्थ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. मराठीसाठी एकदा पद्धत बसली की बाकीच्या भाषांना तीच वापरता येईल.

निमंत्रणाच्या पत्राबद्दल थोडं. आजकाल 'आपली निवड झाली आहे, इतके डॉलर भरा' अशा ईमेलचा पाऊस पडतो, आणि त्यातली खरी सोसायटी कुठली हे विद्यार्थ्याला कळत नाही. घरात ही परंपरा माहीत असलेलं कोणी असेल तर सांगतं. नसेल तर तो ईमेल फसवणूक समजून काढून टाकला जातो. चॅप्टरचं निमंत्रण विभागातल्या ओळखीच्या प्राध्यापकाच्या सहीने गेलं, तर हे टळतं. आणि फी परवडत नसेल तर ती चॅप्टर भरेल, असं त्याच पत्रात स्पष्ट लिहा. 'अडचण असल्यास संपर्क साधा' या वाक्यावर आपल्याकडचा विद्यार्थी कधीच संपर्क साधत नाही. तो गुपचूप मुदत उलटू देतो, आणि चॅप्टरच्या नोंदीत लागतं की त्याने निमंत्रण नाकारलं.

तुमच्यातल्या अनेकांची पहिली पदवी पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबादची आहे. तुमच्याही गुणपत्रिका कधीतरी कोणीतरी इथल्या मापात बसवून घेतल्या. तेव्हा कुठल्या तरी प्रवेश समितीत कोणीतरी नुसता आकडा न बघता तुमचा कागद पूर्ण वाचला असेल, म्हणून तुम्ही आज तिथे आहात. तेवढंच वाचन मी या विद्यार्थ्यांसाठी मागते आहे.

शरद सत्रातली चॅप्टरची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. त्या बैठकीआधी रजिस्ट्रार ऑफिसकडून दोन गोष्टी लेखी मागवून घ्या: गेल्या वर्षीची यादी कोणत्या अटी लावून काढली होती त्या अटी जशाच्या तशा, आणि त्या अटींमुळे पदवी घेणाऱ्यांपैकी किती ट्रान्स्फर आणि किती अर्धवेळ विद्यार्थी वगळले गेले तो आकडा. नावं मागू नका. गोपनीयतेच्या कायद्यामुळे ती मिळणं कठीण, आणि त्यांची गरजही नाही. हे दोन्ही कागद विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे वेळ संपला म्हणून विषय पुढे ढकलला जाणार नाही. अ‍ॅडव्हायझिंग ऑफिसमधल्या कोणाला तरी त्या बैठकीला बोलवा. बोलावलंत तर आम्ही येतो.

आपली,
ट्रान्स्फर विद्यार्थ्यांची एक अ‍ॅडव्हायझर